घाणा गेला, तेली उभा राहिला
टेंभी नाक्यावरील एका जुन्या वास्तूपासून आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी घेण्यासारखा धडा

ठाणे स्टेशनवर उतरून जांभळी नाक्याच्या बाजारातून पुढे गेले की टेंभी नाका लागतो. १९७८ पासून येथे भरणाऱ्या नवरात्रोत्सवामुळे हा नाका साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पाय येथे वेगळ्या कारणाने वळले असतील. कोणी सिव्हिल हॉस्पिटलात रुग्णाला घेऊन आला असेल, कोणी कोर्टकचेरीच्या कामाला. या धावपळीत सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावरील एक जुनी वास्तू मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ते आहे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ, 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. ते १८७९ साली बांधले गेले.

व्यापार-उद्योगाच्या पानावर ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ही वास्तू ज्यांनी उभारली ते आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक होते. एकेकाळी लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते तेलाचा घाणा चालविणारे कारागीर होते. एकदा नव्हे, अनेकदा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली आणि प्रत्येक वेळी ते उठून उभे राहिले. ते कसे उठले, हा आजचा विषय आहे.

या विषयाला निमित्त आहे आमच्या कानावर नेहमी पडणारी तक्रार. 'माग भंगारात विकला', 'टाळेबंदीत दुकान गेले ते गेलेच', 'या वयात आता काय नवे शिकणार?' अशी वाक्ये रोज ऐकू येतात. अशा बंधूंना कोरडा उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून आधी एक हकिकत सांगतो.

किनाऱ्याला लागलेली सात जोडपी

बेने इस्राएल समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. बहुतेक लोक बुडाले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. मृतांना तेथेच दफन करण्यात आले. नवगावच्या दफनभूमीत आज त्यांचे स्मारक आहे. हे केव्हा घडले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण कथेतील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. समुद्राने त्यांचा माल नेला, सामान नेले, धर्मग्रंथही नेले. मुखोद्गत असलेली ईश्वराच्या एकत्वाची एक प्रार्थना तेवढी त्यांच्यापाशी उरली.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहा. परका मुलुख, परकी भाषा, जवळ भांडवल शून्य, ओळखपाळख नाही. अशा माणसाने कोणता धंदा करावा? या लोकांनी तेलाचा घाणा धरला. त्यामागचे व्यवहारज्ञान पाहण्यासारखे आहे. त्या काळी तेल केवळ स्वयंपाकाला लागत नसे, घरोघरचा दिवाही तेलावरच जळे. म्हणजे गिऱ्हाईक गावातले प्रत्येक घर. घाण्याला एक लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल एवढी सामग्री पुरे. गिऱ्हाईक तीळ किंवा खोबरे स्वतः घेऊन आला की माल खरेदीला पैसा अडकत नाही. तेल गिऱ्हाईकाचे, मजुरी तेल्याची, आणि मागे उरणारी पेंड गुरांना खाद्य म्हणून विकली जाते. थोडक्यात, भांडवल कमी, कष्ट जास्त आणि मागणी बारमाही असा धंदा त्यांनी निवडला.

तेल्याचे काम समाजात मानाचे समजले जात नसे. तरीही मानापमानाचा विचार करीत ते किनाऱ्यावर बसून राहिले नाहीत. आम्हाला वाटते, पडलेल्या माणसाची पहिली परीक्षा येथेच असते. काल ज्याच्या दुकानात चार नोकर होते, त्याला आज दुसऱ्याच्या दुकानात उभे राहणे जड जाते. पण हलाल कमाईचे कोणतेही काम हलके नसते, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि स्वतःची वेळ आली की विसरतो.

शनिवारी घाणा बंद

या तेल्यांचा एक नियम मात्र अढळ होता. शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा फिरायचा नाही. आठवड्यातील एक दिवसाची मजुरी बुडे, पण त्यांनी नियम सोडला नाही. सोमवार पाळणाऱ्या हिंदू तेल्यांना लोक 'सोमवार तेली' म्हणत, तसे यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ हरवलेल्या या समाजाची ओळख टिकली ती या एका बंद दिवसामुळे. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या विद्वानाने कोकणात येऊन त्यांच्यातील धर्मज्ञान पुन्हा जागवले, तेव्हा त्याने तीन माणसांना धर्माचे शिक्षण देऊन तयार केले. झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील त्या तिघांना 'काजी' म्हणत.

होय, काजीच! आमच्या वाचकांना आणखी काही गोष्टी ऐकून नवल वाटेल. आपल्या प्रार्थनास्थळाला हे लोक मराठीत 'मशीद' म्हणत आले. पैगंबर इलियास यांच्या नावाने ते पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. आडनावे पाहा : पेणकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर. आमच्या कोकणी मुसलमान बंधूंप्रमाणेच गावाच्या नावावरून पडलेली. शेकडो वर्षे हे दोन समाज कोकणात शेजारी म्हणून राहिले, त्याच्या या खुणा आहेत.

मालेगावला शुक्रवारी माग बंद असतात. त्यावर एक दिवसाचा तोटा म्हणून कुरकूर करणारेही भेटतात. त्यांना आम्ही शनवार तेल्यांचे उदाहरण देऊ. जो माणूस आपला नियम पैशासाठी मोडत नाही, तो वजनात आणि मापातही खोटेपणा करणार नाही, असा विश्वास गिऱ्हाईकाला वाटतो. संकटात घर-दुकान गेले तरी हा विश्वास जात नाही, आणि पुन्हा उभे राहताना उधारीवर पहिला माल मिळतो तो त्याच विश्वासावर.

दुसरा दरवाजा, तिसरा दरवाजा

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली तशी ही मंडळी कोकणातून मुंबईला येऊ लागली. कोणी सुतारकाम धरले, कोणी गवंडीकाम, आणि पुष्कळजण इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले. त्यांतलेच एक सामाजी हसाजी दिवेकर. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले आणि पुढे सुटून मुंबईस परत आले. टिपूच्या मातोश्रींनी त्यांच्यासाठी रदबदली केली, असे समाजात सांगतात. कैदेतून सुटल्याबद्दल ईश्वराचे आभार म्हणून त्यांनी १७९६ साली मांडवी भागात समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनास्थळ बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

पलटणीत या लोकांनी चांगले नाव कमावले. पण पुढे पलटणी जातवार उभ्या करण्याचे धोरण आले आणि संख्येने मूठभर असलेल्या समाजाला तो दरवाजा जवळजवळ बंद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे रॉकेल आले आणि दिव्याच्या तेलाची मागणी आटत गेली. मागोमाग यंत्रावर चालणाऱ्या तेलगिरण्या आल्या. बैलाचा घाणा त्यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. म्हणजे पिढीजात धंदा आणि नोकरी, दोन्हींवर एकाच सुमारास गदा आली.

या वेळी समाजाने काय केले? हाईम सॅम्युएल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. तेल्यांची आणि शिपायांची मुले लिहायला-वाचायला शिकली आणि रेल्वे, पोस्ट, सरकारी कचेऱ्या व इस्पितळे यांत कामाला लागली. याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळीकडचा रस्ता त्यांच्याच नावाचा.

ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी आली. त्यानंतर २६ वर्षांनी टेंभी नाक्यावरची वास्तू उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांपाशी किनाऱ्याला लागताना अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते, त्यांनी स्वतःच्या पैशाने ती बांधली.

देशांतर आणि पुन्हा धक्का

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे सारे सुखाचेच झाले असे नाही. काही कुटुंबांना तेथील वागणूक इतकी खटकली की त्यांनी धरणे धरले, आणि १९५२ मध्ये शंभरावर माणसे भारतात परत आली. पुढे तेथील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या वंशाविषयीच शंका काढली. तेव्हा त्यांनी पुन्हा जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेकडून समान दर्जाचा ठराव मिळविला. तिकडेही त्यांनी मराठी सोडली नाही, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. इकडे जे राहिले ते आज काही हजारच आहेत आणि त्यांतले बरेचसे ठाण्यात व मुंबईत आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पॅलेस्टिनी बांधवांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल आमच्या वाचकांच्या भावना आम्ही जाणतो, त्या आमच्याही आहेत. पण त्या देशाच्या सरकारच्या कृत्यांचा जाब टेंभी नाक्यावरच्या शेजाऱ्याला विचारायचा नसतो. एकाच्या कृत्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले की काय होते, हे आपल्या समाजाएवढे कोणाला ठाऊक आहे?

बाजाराचा रस्ता कुठे आहे?

आता आपल्या इतिहासातली एक गोष्ट. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतले व्यापारी. हिजरत करून मदिनेला आले तेव्हा हात रिकामे होते. प्रेषित (स.) यांनी त्यांचा भाऊबंदीचा संबंध मदिनेतील हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्याशी जोडून दिला. हजरत साद यांनी आपली अर्धी मालमत्ता त्यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि विचारले ते एवढेच की, बाजार कुठे आहे? लोकांनी त्यांना बनू कैनुका या ज्यू टोळीच्या बाजाराचा रस्ता दाखविला. तेथे त्यांनी पनीर व तूप यांच्या खरेदी-विक्रीपासून सुरुवात केली. पुढे ते मदिनेतील मोठ्या धनिकांपैकी एक झाले आणि त्यांचा पैसा दीनच्या कामी आला.

या हकिकतीत सब्र म्हणजे काय ते कळते. सब्र म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. गेलेल्या मालाचे दुःख मनात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाणे म्हणजे सब्र. देऊ केलेली मदत नाकारलीच पाहिजे असेही नाही. गरज असेल तर ती जरूर घ्यावी, पण मदतीवर बसून राहू नये.

खाडीपलीकडची भिवंडी

टेंभी नाक्यावरून खाडी ओलांडली की भिवंडी दूर नाही. ७ मे १९७० च्या दंगलीत हे शहर होरपळले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा आग लागली. माणसे गेली, घरे गेली, यंत्रमाग जळून लोखंडाचे सांगाडे उरले. तरीही लोक परत आले, माग पुन्हा बसले. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. वस्तीवस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी पोलिसांसह एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. माग जसे खरेदी करून बसवावे लागतात तशी शांतताही मेहनतीने उभी करावी लागते. तिच्याशिवाय भांडवलाला अर्थ नाही.

पण सारेच धक्के दंगलीचे नसतात. २००५ च्या २६ जुलैला पुराचे पाणी दुकानांत शिरले. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, रोखीवर चालणारा मजुरीचा व्यवहार थांबला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारागीर पायी गावाकडे निघाले. त्यातच साधे माग स्वस्त व झपाट्याने विणणाऱ्या नव्या मागांपुढे मागे पडत गेले.

येथे शनवार तेल्यांचा खरा धडा कामी येतो. पडल्यावर माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : माझा धंदा जखमी झाला आहे की मेला आहे? जखमी धंदा उभा करता येतो. भिवंडीचे माग १९८४ नंतर पुन्हा चालले, कारण कापडाची मागणी जिवंत होती. पण दिव्याच्या तेलाची मागणी मेली होती. शनवार तेल्यांनी कर्ज काढून दुसरा बैल घेतला असता तर बैलही गेला असता आणि घरही. त्यांनी घाण्याचा हट्ट सोडला आणि मुलांच्या हाती पाटी दिली. मागणी आहे पण आपण बुडालो, तर तोच धंदा पुन्हा करा. मागणीच गेली, तर हाताचे कसब दुसऱ्या कामाला लावा. हे दोन आजार वेगळे आहेत, एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

उठण्याची तयारी पडण्याआधी

काही व्यावहारिक सूचना करतो. जाणकारांना त्या साध्या वाटतील, पण संकटात साध्याच गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट, घरखर्च आणि दुकानाचा गल्ला वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र असले की धंदा तोट्यात गेल्याचे उशिरा कळते. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांची तरतूद केली. आपल्याला सात वर्षे जमणार नाहीत, पण तीन महिन्यांच्या भाड्याची आणि मजुरीची तरतूद चांगल्या हंगामात करता येते.

दुसरी, कागदपत्रे. परवाना, भाडेपावत्या, खरेदीची बिले, मालाची नोंदवही यांच्या नकला दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पूर असो वा आग, पंचनाम्याच्या वेळी नुकसान तोंडी सांगून भागत नाही. विम्याबाबत आलिमांत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून निर्णय घ्या, पण निर्णय टाळू नका.

तिसरी, सरकारदरबारी आपली नोंद हवी. लहान उद्योगांसाठी उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, गवंडी अशा १८ कारागिरी आहेत. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. कर्जाचा भाग व्याजाचा असल्याने ज्यांना तो नको त्यांनी घेऊ नये, परंतु त्यासाठी प्रशिक्षण व अवजारेही सोडून देऊ नयेत.

चौथी सूचना जमातींच्या जबाबदार मंडळींना. लग्नकार्यात आपण लाखोंनी खर्च करतो. त्यातला अंश कर्ज-ए-हसनाच्या निधीत गेला तर एखाद्या शिंप्याचे मशीन सावकाराकडून सुटेल. अशा निधीतून घेतलेले पैसे वेळेवर फेडणे ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे, नाहीतर पुढच्या गरजवंताचा दरवाजा आपणच बंद करतो.

पाचवी आणि शेवटची, मुलांना कसब आणि शिक्षण दोन्ही द्या. एकच दरवाजा असलेल्या घराला आग लागली की माणसे आतच कोंडतात.

असो. पुढच्या वेळी टेंभी नाक्यावरून जाताना बंधूंनी त्या वास्तूसमोर क्षणभर थांबून पाहावे. आपल्या मनात नुकसानीचा हिशोब चालला असेल, तर सात जोडप्यांची ती गोष्ट आठवावी, आणि हजरत अब्दुर्रहमान यांच्याप्रमाणे बाजाराचा रस्ता विचारावा. रस्ता दाखवणारे पुष्कळ भेटतात, चालावे मात्र आपल्यालाच लागते.

अल्लाह आमच्या सर्व व्यापारी व कारागीर बंधू-भगिनींच्या रोजीत बरकत देवो आणि पडलेल्याला उठण्याची हिंमत देवो. आमीन.